छापील यादीचें मूळ : डेटाबेसावरून हस्तलिखितांची सूची काढतांना आधार कोणता धरावा

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टींत, म्हणजे देवगडापासून मालवणावरून वेंगुर्ल्यापर्यंत, जुन्या घरांतून अद्यापि बरेंच दप्तर पडून आहे. देवस्थानांचे हिशेब, वतनाचे महजर, देवघेवीचीं खतें, पौरोहित्याच्या पोथ्या, वैद्यकाचीं बाडें असा हा संग्रह असतो, आणि खारी हवा, वाळवी व पावसाळा या तिहींशीं झगडत तो टिकून राहिलेला असतो. अलीकडे या कागदांची नोंद संगणकावरील डेटाबेसांत करून तीवरून छापील यादी काढण्याचा प्रघात पडला आहे. प्रघात स्तुत्य आहे. परंतु ही यादी डेटाबेसाच्या कोणत्या अंगावरून निघते हा प्रश्न यादी करणारे सहसा विचारीत नाहींत, आणि वाचणारे तर मुळींच विचारीत नाहींत. ताळेबंदावर विश्वास ठेवण्यापूर्वीं तो कोणत्या खतावणीवरून उतरला हें पाहणारा संशोधकहि संगणकाच्या छापील कागदापुढें निमूटपणें मान तुकवितो, असें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. स्वतः आम्हीहि तसें केलें आहे.

एक प्रसंग सांगतों. मालवण तालुक्यांतील एका घराण्यानें आपले दोन रुमाल एका संस्थेच्या स्वाधीन केले. घराण्याचें व संस्थेचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कागद एकेक करून डेटाबेसांत नोंदले गेले, नोंदींवरून यादी छापली गेली, आणि ती यादीच पोंचपावती म्हणून घराण्यास मिळाली. यादीच्या कामांत आमचाहि हात होता, म्हणून दोषाचा वांटा आमच्याकडेहि येतो. पुढें घरांतील एका वृद्ध गृहस्थांनीं ती यादी आपल्या हातच्या वहीशीं ताडून पाहिली, तेव्हां कित्येक कागद यादींत नाहींत असें आढळलें. त्यांत देवस्थानच्या मानपानासंबंधीं एक महजर होता, व घरच्यांच्या दृष्टीनें तोच सर्वांत मोलाचा. बोलाचाली झाली. कागद हरवले कीं मुद्दाम बाजूस काढले, असा संशय येण्यापर्यंत मजल गेली. वस्तुतः एकहि कागद हरवला नव्हता. सर्व नोंदी मूळ टेबलांत सुखरूप होत्या. यादी मात्र टेबलावरून न निघतां एका क्वेरीवरून निघाली होती, आणि ज्या कागदाच्या लेखकाचें नांव नोंदलेलें नाहीं तो कागद त्या क्वेरींतून आपोआप गळत होता. महजराखालीं साक्षी व निशाण्या पुष्कळ. पण लिहिणाराचें नांव फाटलेल्या कडेबरोबर गेलेलें!

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं आमच्या वाचकांस परिचित अशा मराठी दप्तराचेंच उदाहरण घेणें सोयीचें होईल. कारकून प्रथम रोजकीर्द लिही. त्या त्या दिवशीं जें आलें-गेलें तें तारीखवार उतरावयाचें, एवढेंच तिचें काम. रोजकीर्दीवरून खात्यांप्रमाणें खतावणी पडे आणि खतावणीवरून सालअखेरचा ताळेबंद निघे. पेशवाईंत पुण्यास एकबेरीज दप्तर होतें. तेथें निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र होऊन त्यांवरून अनेक सालांचे जमाखर्च एका दृष्टिक्षेपांत यावे असे तर्जुमे तयार होत. ताळेबंद वाचावयास सोपा, परंतु पुराव्याच्या दृष्टीनें रोजकीर्दीहून दोन पायऱ्या दूर. खतावणींत एक रक्कम चुकली तर ताळेबंदांत ती चुकणारच, आणि ताळेबंद कितीहि सुरेख अक्षरांत लिहिला असला तरी ती चूक त्यावरून दिसावयाची नाहीं.

डेटाबेसांतील टेबल म्हणजे रोजकीर्द. छापील यादी, जिला या विद्येंत रिपोर्ट म्हणतात, ती म्हणजे ताळेबंद. मधली क्वेरी ही मात्र अगदीं खतावणी नव्हे, आणि हा भेद लक्षांत न आल्यामुळें पुष्कळ घोटाळे होतात. खतावणी ही स्वतंत्र लिहिलेली वही असे. एकदां लिहिली कीं रोजकीर्दींत मागाहून केलेली दुरुस्ती तिच्यांत आपोआप येत नसे. जतन करून ठेवलेल्या साध्या क्वेरींत माहिती अशी मुळींच नसते. खतावणी कशी पाडावी याचा तो केवळ लिहून ठेवलेला हुकूम होय. जेव्हां जेव्हां रिपोर्ट उघडावा तेव्हां तेव्हां हुकुमाप्रमाणें खतावणी नव्यानें पडते, रिपोर्ट छापून होतो, आणि खतावणी विरून जाते. यामुळें ती कधीं शिळी होत नाहीं हा लाभ. पण काल कोणती खतावणी पडली होती हें आज दाखवितां येत नाहीं हा तोटाहि तितकाच खरा.

माहिती टेबलांच्या रूपानें ठेवावी व तिची मांडणी हव्या त्या प्रश्नाप्रमाणें दर वेळीं नवी करून घ्यावी, ही कल्पना एडगर कॉड यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांतून रूढ झाली. आज लहान संस्थांत वापरल्या जाणाऱ्या प्रणाली तिच्याच आधारावर उभ्या आहेत. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्सेस ही प्रणाली १९९२ सालीं बाहेर आली. तींत प्रत्येक रिपोर्टास ‘रेकॉर्ड सोर्स’ नांवाचा एक गुणधर्म असतो. तेथें टेबलाचें नांव, जतन केलेल्या क्वेरीचें नांव, किंवा एसक्यूएल भाषेंतील प्रत्यक्ष वाक्य यांपैकीं एक घालावें लागतें. लिब्रेऑफिस बेस या विनामूल्य प्रणालींतहि हेच तीन मार्ग आहेत. चौथा एक मार्ग असा कीं, छापण्यापूर्वीं क्वेरीचें फळ एका निराळ्या टेबलांत ओतून तें गोठवावें व रिपोर्ट त्यावरून काढावा. यांपैकीं कोणता केव्हां धरावा, एवढाच आमचा विषय आहे.

मूळ टेबलावरूनच सरळ रिपोर्ट काढणें हा पहिला मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि एका कामापुरता तो तसा आहेहि. संग्रहांत काय आहे याची मोजदाद, म्हणजे झाडती, घ्यावयाची असेल तर मध्यें कोणतीहि क्वेरी असूं नये. जितक्या ओळी टेबलांत तितक्या कागदावर. त्यांत वजाबाकी होण्यास जागाच नाहीं. वरील प्रसंगांत पोंचपावती याच रीतीनें काढावयास हवी होती. परंतु प्रसिद्धीच्या यादीस हा मार्ग उपयोगी नाहीं, कारण टेबलांत संग्राहकाचा पत्ता, कागद कोणत्या पेटींत आहे, किंमत काय ठरली असले रकानेहि असतात. यांतील एखादा रकाना रिपोर्टांत चुकून राहिला तर तो छापून चारचौघांत जातो. आचऱ्याकडील किंवा पेंडुराकडील एखादा गृहस्थ पोथी दाखवितो ती ‘नांव कोठें येऊं नये’ या बोलीवर. ती बोली पाळण्याचा खात्रीचा उपाय एकच, कीं प्रसिद्धीच्या रिपोर्टाचा आधार जी क्वेरी, तींत तो रकाना मुळीं घ्यावयाचाच नाहीं. ‘सर्व रकाने’ असा अर्थ होणारी चांदणीची खूण क्वेरींत टाकणें सोपें असतें. आळसाची ती खूण आहे.

आतां जोडीचा प्रश्न. कागदांचें एक टेबल, लेखकांचें दुसरें, गांवांचें तिसरें अशी मांडणी असली म्हणजे यादीसाठीं तीं जोडावीं लागतात. जोडण्याच्या दोन मुख्य रीति आहेत. इनर जॉइन या रीतींत दोन्ही टेबलांत ज्यांची गांठ पडते तेवढ्याच ओळी येतात. लेफ्ट जॉइन या रीतींत डावीकडील टेबलाच्या सर्व ओळी येतात व उजवीकडे जोड नसेल तेथें जागा रिकामी राहते. प्रणाली आपण होऊन बहुधा पहिली रीति धरते. दुकानदाराच्या हिशेबास ती चालते, कारण गिऱ्हाइकावांचून बिल असत नाहीं. जुन्या कागदांस ती चालत नाहीं. लेखक अज्ञात, स्थल अज्ञात, साल अज्ञात ही आमच्या कामांत नित्याची स्थिति आहे, आणि जितका कागद जुना व जीर्ण तितके रकाने अधिक रिकामे. म्हणजे इनर जॉइनवर काढलेली सूची जीर्ण कागदांसच नेमकी वगळते!

ही चूक दुरुस्त करूनहि आम्ही एकदां फसलों तें सांगितलें पाहिजे. लेफ्ट जॉइन केली, रिकाम्या जागा दिसूं लागल्या, सर्वांस समाधान वाटलें. नंतर कोणीतरी क्वेरींत अट घातली कीं लेखकाचें आडनांव अमुक नसावें, कारण त्या आडनांवाचे कागद निराळ्या भागांत छापावयाचे होते. लागलीच अज्ञात लेखकाचे सर्व कागद पुन्हां नाहींसे झाले. रिकाम्या रकान्यास ‘अमुक आहे काय’ असें विचारलें तर उत्तर ‘होय’ येत नाहीं आणि ‘अमुक नाहीं काय’ असें विचारलें तरीहि ‘होय’ येत नाहीं. दोन्हींकडे तें अनिर्णीतच राहतें, व अनिर्णीत ओळ क्वेरी बाहेर टाकते. न्यायाच्या दृष्टीनें हें बरोबरच आहे. परंतु ‘किंवा रकाना रिकामा असेल तर’ ही पुस्ती प्रत्येक अटीस जोडावी लागते, हें ध्यानांत ठेवावें.

उलट दिशेची चूक म्हणजे वाढीव बेरीज. तिचें उदाहरण कोंकणांत घरोघरीं मिळेल. येथील सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एकेका हिश्शास दहा-दहा, वीस-वीस सामाईक नांवें असणें हें नवल नाहीं. समजा, एका हिश्शाचें क्षेत्र ४० गुंठे व खातेदार १२ आहेत. जमिनीचें टेबल खातेदारांच्या टेबलाशीं जोडलें कीं त्या एका हिश्शाच्या १२ ओळी होतात व प्रत्येकींत ४० हा आंकडा येतो. खालीं बेरीज मागितली तर ती ४८० गुंठे येणार! त्या हिश्शांत तितकी जमीनच नाहीं. हस्तलिखितांत असेंच होतें. एका बाडांत ६० पत्रें आहेत व त्यांत तीन निरनिराळ्या कृति आहेत. बाडाचें टेबल कृतींच्या टेबलाशीं जोडून पत्रांची बेरीज केली तर १८० पत्रें भरतात. संग्रहाच्या मोठेपणाचे जे आंकडे अहवालांत झळकतात, त्यांतील काहींचें रहस्य यांत असावें असा आमचा संशय आहे, व तो आम्हीं आपल्या स्वतःच्या आंकड्यांवरूनच घेतला आहे. उपाय असा : पत्रांची बेरीज कृतींच्या जोडीवरून न घेतां बाडाच्या टेबलावरून स्वतंत्र क्वेरीनें घ्यावी, किंवा मुख्य रिपोर्ट बाडांवर ठेवून प्रत्येक बाडाखालीं त्यांतील कृतींचा उपरिपोर्ट बसवावा. छापील पानावर दोन्ही सारखींच दिसतात, पण आधार निराळे असल्यामुळें बेरीज बिघडत नाहीं.

सातबाऱ्याचा उल्लेख आलाच आहे, तर तोहि एक रिपोर्टच होय हें सांगावें. हक्कांत बदल झाला कीं त्याची नोंद प्रथम गांव नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहींत पडते. ती प्रमाणित झाल्यावर तिचा अंमल नमुना ७ वर होतो. पिकांची हकीकत नमुना १२ वर असते. आणि ७ व १२ मिळून जो उतारा हातीं पडतो त्यास लोक सातबारा म्हणतात. उताऱ्यावर कंसांत लिहिलेले फेरफारांचे क्रमांक हे त्याचे आधार होत. जुन्या तलाठ्यानें उतारा देतांना हे क्रमांक लिहिण्याची शिस्त पाळली म्हणूनच आज उताऱ्यावरून मूळ नोंदीपर्यंत जातां येतें. २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. त्यावर तो कोणत्या दिवशीं निघाला हें छापलेलें असतें, आणि तें इष्टच आहे. कारण दुसऱ्या दिवशीं एखादा फेरफार प्रमाणित झाला तर परवांचा उतारा कालच्याशीं जुळणार नाहीं, तरीहि दोन्ही आपापल्या दिवशीं खरे. हस्तलिखितांच्या छापील याद्यांवर मात्र बहुधा वर्ष देखील नसतें.

यावरून जिवंत आधार व गोठविलेला आधार या वादाकडे येतों. आमच्या वाचकांच्या दृष्टीनें हाच भाग सर्वांत महत्त्वाचा. संशोधक एखाद्या कागदाचा हवाला देतो तो छापील क्रमांकानें. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. त्यांतील लेखांक आजहि तसेच उद्धृत होतात. सरदेसाईंनीं पेशवे दप्तरांतून निवडलेले ४५ भाग १९३० ते १९३४ या काळांत प्रसिद्ध झाले. तेथेंहि भाग व लेखांक सांगितला कीं शोध संपला. खिळे जुळवून छापलेला क्रमांक हलत नाहीं. रिपोर्टांत मात्र पानाच्या डावीकडे जो १, २, ३ असा अनुक्रम येतो तो पुष्कळदां टेबलांतला नसतोच. छापतां छापतां ओळी मोजून तो घातलेला असतो. संग्रहांत चार कागद नवे आले, किंवा वर्णानुक्रमांत एक नांव वर चढलें, कीं पुढील सर्व क्रमांक सरकतात. मागील वर्षाच्या यादींतील क्रमांकानें कोणी हवाला दिला असेल, तर तो या वर्षीं भलत्याच कागदावर जाऊन पडतो, आणि भलताच कागदहि त्याच गांवचा व त्याच घराण्याचा असल्यामुळें चूक सहज लक्षांतहि येत नाहीं.

याकरितां दोन गोष्टी अवश्य आहेत. प्रत्येक कागदास दाखल होतांनाच एक कायमचा क्रमांक द्यावा, तो टेबलांत ठेवावा, कागद नष्ट झाला तरी तो दुसऱ्यास देऊं नये, व यादींत हाच छापावा. दुसरी गोष्ट अशी कीं, जी यादी प्रसिद्ध करावयाची तिचा आधार गोठवावा. म्हणजे प्रसिद्धीच्या दिवशीं क्वेरीचें फळ तारखेच्या नांवानें निराळ्या टेबलांत उतरून घ्यावें, तें पुढें कोणीं बदलूं नये अशी तजवीज करावी, आणि त्यावरून छापावें. यांत आणखी एक सोय साधते. चार जण एकाच वेळीं नोंदी करीत असतां मोठी यादी जिवंत टेबलावरून छापली, तर यादी व तिचा गोषवारा हे निरनिराळ्या क्षणींच्या माहितीवर आधारलेले असूं शकतात, व दोहोंची गांठ पडत नाहीं. गोठविलेल्या आधारावर ही भीति नाहीं.

गोठविण्यासहि एक मर्यादा आहे. प्रत एकदां वेगळी झाली कीं कोणीतरी तींतच दुरुस्त्या करूं लागतो. मूळ टेबल मागें राहतें, प्रत पुढें जाते, आणि पुढच्या वर्षीं प्रतीवरून आणखी एक प्रत निघते. पोथ्यांच्या प्रतींचें वंशवृक्ष जुळविणारांस हा प्रकार ओळखीचा आहे. ज्या प्रतींत सुधारणा दिसतात ती मूळाच्या जवळची असतेच असें नाहीं, हें भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या निमित्तानें आपल्याकडे सर्वांस पटलें. आपल्याच डेटाबेसाविषयीं मात्र तें पटवून द्यावें लागतें. दुरुस्ती नेहमीं मूळ टेबलांत, आणि प्रसिद्ध प्रतीचें काम केवळ साक्ष देणें, असा आमचा नेम आहे.

जतन केलेली क्वेरी बरी कीं रिपोर्टाच्या पोटांत लिहिलेलें एसक्यूएल वाक्य बरें, याविषयीं जाणकारांत मतभेद आहेत. एकाच क्वेरीवर पांच रिपोर्ट उभे असले म्हणजे एके ठिकाणीं केलेली दुरुस्ती पांचांस लागू पडते. पण एका रिपोर्टाच्या गरजेसाठीं कोणी तिच्यांत अट घातली तर उरलेले चार न सांगतां बिघडतात. आमच्या महजराचें मूळ कारणहि हेंच निघालें : लेखकांची सूची काढण्यासाठीं केलेली क्वेरी, जींत अज्ञात लेखक नकोच होते, तीच तयार आहे म्हणून पावतीच्या रिपोर्टास जोडली गेली. उलट वाक्य रिपोर्टाच्या पोटांत असेल तर दुसऱ्यास धक्का लागत नाहीं, पण तें कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहीं. आम्ही असें करतों कीं, गांवांचीं प्रमाण नांवें, सालांचें रूपांतर अशा सामाईक गोष्टींपुरत्या सामाईक क्वेरी ठेवतों. प्रत्येक प्रसिद्ध यादीस मात्र तिच्याच नांवाची स्वतंत्र क्वेरी असते व ती दुसऱ्या कशासहि जोडावयाची नाहीं असा नियम आहे. क्वेरींची संख्या त्यामुळें वाढते, हें कबूल.

गांवांच्या नांवांविषयीं थोडें अधिक लिहिणें प्राप्त आहे, कारण या जिल्ह्यांत तें प्रकरण विशेष नाजूक आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून निराळा झाला. तत्पूर्वींच्या सरकारी कागदांवर मालवण हा रत्नागिरी जिल्ह्याचा तालुका. आणि सावंतवाडी तर १९४८ पर्यंत स्वतंत्र संस्थान. आणखी मागें गेलें कीं मालवण १८१२ पर्यंत कोल्हापूरकरांकडे. कागदावर जें लिहिलें तेंच ‘जिल्हा’ या रकान्यांत उतरविलें असेल, आणि क्वेरींत ‘जिल्हा सिंधुदुर्ग’ अशी अट असेल, तर जुनें सर्व दप्तर यादीबाहेर पडतें. तें उतरविणाराची चूक नव्हे. कागदावरील शब्द जसाच्या तसा ठेवणें हा त्याचा धर्मच आहे. म्हणून कागदावरील स्थलनाम एका रकान्यांत व आजचें गांव, संकेतांकानें, दुसऱ्या रकान्यांत ठेवावें आणि क्वेरीची अट संकेतांकावर घालावी. आचरा व आचरें, वेंगुर्ला, वेंगुर्ले व वेंगुर्लें हीं वाचणारास एकच; यंत्रास तीं निरनिराळीं. आम्ही जुन्या वळणाप्रमाणें अनुस्वार देतों, तरुण सहकारी देत नाहींत, आणि एवढ्यावरून एका गांवचीं दोन गांवें झालेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. उघडतांना ‘तालुका कोणता?’ असें विचारणारी क्वेरी मेजावरील कामास फार सोयीची. पण तिच्यावरून छापावयाचें असेल तर दिलेलें उत्तर यादीच्या माथ्यावर छापून यावें. नाहींतर ‘मालवन’ असें चुकीचें लिहिल्यामुळें आलेला कोरा कागद ‘या तालुक्यांत कांहीं नाहीं’ याचा पुरावा म्हणून फाईलींत जाऊन बसतो.

अनुक्रम कोणाच्या हातीं असतो, हेंहि पाहावें. अ‍ॅक्सेसमध्यें रिपोर्टास स्वतःची वर्गवारी किंवा क्रमवारी लावली असेल तर क्वेरींत सांगितलेला क्रम मानला जात नाहीं; म्हणून क्रम रिपोर्टांतच लावावा व क्वेरीवर भिस्त ठेवूं नये. क्रमांक अक्षर म्हणून नोंदले असतील तर १ नंतर १०, ११ व मग २ येतो. मराठी वर्णक्रमाची तर गोष्टच निराळी. युनिकोडच्या संकेतक्रमांत ळ हा ल व व यांच्यामध्यें आहे, आणि क्ष व ज्ञ हीं जोडाक्षरें म्हणून क व ज यांच्या पोटांत जातात. आपल्या मुळाक्षरांत मात्र तीं ह च्या पुढें येतात. केवळ संकेतक्रमावर लावलेल्या सूचींत ‘ज्ञानेश्वरी’ शेवटीं न सांपडल्यास ती संग्रहांत नाहीं असें समजूं नये.

कालानुक्रमाचा प्रश्न याहून कठीण. मोडी पत्रांवर ‘खमस सबैन मया व अलफ’ असें सुहूर सन लिहिलेलें असतें. पांच, सत्तर, शंभर व हजार मिळून तें ११७५ होतें, आणि सुहूर सन मृगापासून मृगापर्यंत चालत असल्यामुळें इसवी सन १७७४ चा जून ते १७७५ चा मे असा त्याचा अवधि येतो. अक्षरांवर क्रम लावला तर ‘खमस’ ख मध्यें व ‘सबा’ स मध्यें जाणार, हें उघडच आहे. म्हणून इसवी सनाचा रकाना पाहिजे. तो क्वेरीनें दर वेळीं गणून काढावा कीं टेबलांत लिहून ठेवावा? पत्रावर महिना व तिथि असेल तर गणित यंत्रावर सोंपवावें. महिना नसेल तर ५९९ मिळवावे कीं ६००, हें यंत्रास कळणार नाहीं. तेथें संपादकानें मजकुरावरून ठरविलेलें साल, शंकेच्या खुणेसह, टेबलांत निराळ्या रकान्यांत असावें. पत्रावरील शब्द व संपादकाचा तर्क हे एका रकान्यांत कधींहि मिसळूं नयेत. यादींत दोन्ही छापावे. मोडी लिपीस युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें असल्यामुळें मूळ शब्द मोडींतहि ठेवतां येतात, पण हें काम आमच्याकडे अद्यापि थोडेंच झालें आहे.

वर सांगितलेल्या महजराच्या प्रकरणानंतर प्रत्येक छापील यादीच्या शेवटच्या पानावर आम्ही चार ओळी घालूं लागलों : आधारभूत टेबलाचें अगर क्वेरीचें नांव, आधार गोठविल्याची तारीख, मूळ टेबलांतील त्या संग्रहाच्या नोंदींची संख्या, आणि छापलेल्या नोंदींची संख्या. शेवटच्या दोन संख्या निरनिराळ्या क्वेरींनीं मोजलेल्या असल्या पाहिजेत, नाहींतर एकाच चुकीनें दोन्ही सारख्याच चुकतील. त्या जुळत नसल्या तर कां जुळत नाहींत तें एका वाक्यांत खालीं लिहावयाचें. उदाहरणार्थ, अमुक नोंदी मालकांच्या इच्छेवरून वगळल्या. घराण्यास नवी पावती या रीतीनें दिली. वृद्ध गृहस्थांनीं ती पुन्हां वहीशीं ताडली व वहींत नसलेला एक कागद यादींत अधिक दाखविला. तो दुसऱ्याच रुमालांतून आलेला निघाला.

किनारपट्टींतील ज्या संग्राहकांजवळ संस्थांनीं दिलेल्या संगणकीय पावत्या असतील त्यांनीं त्या एकदां आपल्या घरच्या वहीशीं अगर आठवणीशीं ताडून पाहाव्या, आणि कमी पडलेल्या कागदाची चौकशी करतांना ‘कागद कोठें आहे’ असें विचारण्यापूर्वीं ‘यादी कशावरून काढली’ असें विचारावें, अशी विनंति आहे. तशा यादीची नक्कल आमच्याकडे धाडल्यास आम्हीहि ती तपासून कळवूं.